वन्सं, यंदाचा डबा आला होता

वन्सं, तुमचं तेरावं आटपून आम्ही साताऱ्याला परतलो, त्याला आता बारा दिवस झाले. शेजारच्या बायका येऊन गेल्या. "नणंद होत्या ना? वय झालं होतं का? फार हाल नाही ना झाले?" असं विचारून, चहा पिऊन गेल्या. मी त्यांना तुमच्याबद्दल चांगलं तेवढंच सांगितलं. किती कष्टाळू होत्या, भावावर किती जीव होता, कुणाला रिकाम्या हातानं कधी पाठवलं नाही. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण बोलता बोलता माझी मलाच लाज वाटत होती. इतकं चांगलं मी तुमच्याबद्दल चाळीस वर्षांत कुणाजवळ बोलले नव्हते, तुमच्याजवळ तर नाहीच नाही.

म्हणून आता तुमच्याशीच बोलते. आणि मुद्द्याचं आधी सांगून टाकते, नाहीतर नेहमीसारखी पाऊसपाण्याच्या चार गोष्टी करून फोन ठेवून देईन. यंदाचा जवसाच्या चटणीचा डबा आला होता. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, जतच्या गाडीनं, दुपारी चारला. मी स्वतः स्टँडवर जाऊन ड्रायव्हरच्या हातून घेतला. त्याला थँक्यूसुद्धा म्हणाले. आणि घरी येऊन तुमच्या भावाला सांगितलं, की यंदा डबा आला नाही.

का, म्हणाल. मला तुमचा हेवा वाटायचा. यापेक्षा सोज्वळ शब्द शोधला, सापडला नाही.

हे काही काल-परवाचं दुखणं नाही. आमचं लग्न होऊन महिना झाला असेल. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच गृहशास्त्र शिकवायला लागले होते, त्यामुळे आपल्याला स्वयंपाकातलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. एका रविवारी मी मसालेभात, भरली वांगी, कोशिंबीर, अळूची वडी असं सगळं साग्रसंगीत केलं. तुमचा भाऊ मुकाट जेवला. शेवटच्या भाताला मान वर करून म्हणाला, "आक्काची चटणी हाय का गं शिल्लक?" झालं. त्या दिवशी मला समजलं, की या घरात मी कितीही पदार्थ केले तरी माझा नंबर दुसराच लागणार.

मग हळूहळू बाकीचंही समजलं. सासूबाई गेल्या तेव्हा हे तीन वर्षांचे आणि तुम्ही अकराच्या. मामंजी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलूख फिरायचे, तुम्ही या पोराला कडेवर घेऊन मागून चालायच्या. जिथं मुक्कामाचं पाल पडेल तिथं तीन दगडांची चूल मांडायच्या, तव्यावर जवस भाजून दगडावर दगडानं वाटायच्या, आणि भाकरीवर घालून याला भरवायच्या. हे मला ह्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत, पण एकदाच पुरे झालं. सासूशी मी भांडले असते. नुसत्या नणंदेशीही दोन हात केले असते. आई झालेल्या बहिणीपुढं नव्या नवरीनं काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, माझ्या गृहशास्त्राच्या तर नव्हतंच.

तो डबा तरी काय साधा होता? कडीचा, स्टीलचा, आणि झाकणावर ठोकून घातलेलं नाव. "आक्कास, दत्तूकडून." ह्यांच्या पहिल्या पगारातला. लग्नाआधीचा, म्हणजे माझी त्यावर काही तक्रार चालण्यासारखी नव्हती, तरी मी मनातल्या मनात केलीच. रानातलं जवस निघालं, की तुम्ही तो डबा चटणीनं भरून वानवळा म्हणून भावाला पाठवायच्या, आणि सोबत फडक्याच्या पिशवीत वर्षभराचं अख्खं जवस. चटणी पंधरा दिवसांपुरती. दळलेलं जवस फार दिवस ठेवायचं नाही, खवट होतं. अख्खं असलं तर वर्षभर हलत नाही. हे तुमचं दर वर्षीचं पालुपद. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, म्हणून मी त्यातून काय काय पाठवलं, आठवतंय? पहिल्या वर्षी साखर. मग माझी ईर्षा वाढत गेली तसे कंदी पेढे, मग बेसनाचे लाडू, मग एकदा तर पाकातल्या पुऱ्या, ज्या करताना माझं एक बोट भाजलं होतं. तुमचं उत्तर दर वर्षी तेच. "पोरांनी खाल्लं गं." छान झालं, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मीही म्हणाले नाही, खरं आहे. पण मी धाकटी होते, सुरुवात तुम्ही करायची.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. लग्नाच्या सातव्या-आठव्या वर्षी मी एक डाव केला. तुमची चटणी संपली होती आणि डबा अजून परत जायचा होता. मी तुम्हीच पाठवलेलं जवस घेतलं, तुम्हीच पाठवलेल्या मिरच्या घेतल्या, लसूण, जिरं, मीठ, सगळं तुमच्या मापानं. मिक्सरमधून काढलं, तुमच्या डब्यात भरलं, वर चमचा तुमच्यासारखाच आडवा खुपसून ठेवला. तुमच्या भावानं एक घास खाल्ला.

"ही आक्काची न्हाई."

"कशावरून?"

"आक्काची दाताखाली येती. ही नुसती टाळ्याला चिकटती."

मी इतकी चिडले, की तो डबा उचलून आत नेला. पुढं तुमचा फोन आला तेव्हा मी आडून आडून विचारलं, की तुमची चटणी चिकट कशी होत नाही. तुम्ही लगेच ओळखलंत. "गरम गरमच लावलीस न्हवं मिक्सरला? आगं, जवस तडतडलं की ताटात पसरायचं. हाताला गार लागलं पायजे, तवा दळायचं. न्हायतर तेल सुटतंया आन् निस्ता गोळा हुतोय." मी म्हणाले, "माहीत आहे मला वन्सं, मी शाळेत शिकवते ते." मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही सांगितलंत एवढ्यासाठी मी पुढची तीस-बत्तीस वर्षं जवस गरमच दळलं. गोळा झाला की फोडायचे आणि पुन्हा फिरवायचे. असला हट्ट कुणी केला असता तर मी वर्गात उभं केलं असतं.

उपकार मी विसरले नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं. माझ्या बाळंतपणात छातीत गाठ धरून पिकायला लागली होती, तेव्हा तुम्ही घरचं सगळं टाकून आलात. आल्या आल्या जवस भरडलंत, पाण्यात शिजवून लापशीसारखं केलंत, फडक्यात बांधून शेकत बसलात. एक पोटीस निवायच्या आत दुसरं तयार. मी कळवळत होते, तुम्हाला नको नको ते बोलत होते, आणि तुम्ही नुसत्या "व्हय गं बाई, व्हय, सोस जरा" म्हणत होतात. दोन दिवस तुमची बोटं भाजून लाल झाली होती. तिसऱ्या दिवशी गाठ फुटली आणि मी पहिल्यांदा पोरीला नीट पाजलं. तेवढ्यात तुमचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, मला विचारेल, कसं वाटतंय. तो म्हणाला, "आक्का, तू जेवलीस का?"

वन्सं, तुम्ही जेवला नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. पण त्या खाटेवर पडल्या पडल्या मला असं रडू आलं, की तुम्हाला वाटलं दुखतंय, आणि तुम्ही अजून एक पोटीस बांधलंत.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पंधरा दिवस तुम्ही आमच्याकडं होतात. एका डोळ्याला पट्टी, तरी दुसऱ्या डोळ्यानं माझं स्वयंपाकघर तुम्ही पहिल्याच दिवशी पाहून घेतलंत. जवसाची बरणी मी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवायचे. हाताशी, कोरडी जागा. तुम्ही दुपारी ती उचलून खाली, तांदळाच्या पिंपामागं अंधारात नेऊन ठेवलीत. "तिथं ऊब लागती गं मंदा. ऊब लागली की जवस बिगडतंय."  तुम्ही झोपल्यावर मी बरणी पुन्हा वर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा खाली. संध्याकाळी पुन्हा वर. पंधरा दिवस आपण दोघींनी एक शब्द न बोलता ती बरणी चढवली-उतरवली, तोंडानं मात्र "चहा घेता का", "बस की जरा" असं गोड गोड. तुम्ही निघालात त्या दिवशी बरणी खाली होती आणि आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेला होता. तुमची गाडी स्टँडबाहेर पडली असेल-नसेल, मी घरी येऊन ती वर ठेवली. त्या भांडणात जिंकलं कोण, याचा निकाल लागायचा राहिला होता. आता लागला आहे. पुढं सांगते.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांना रोज चमचाभर जवस खायला सांगितलं. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवरही सगळीकडं जवसच जवस झालं होतं. ज्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं अशा माझ्या मैत्रिणी मला त्याचे गुण पाठवत होत्या. मी बाजारातून पूड आणली, चांगली पाकीटबंद. म्हटलं, आता डॉक्टरच माझ्या बाजूनं आहेत. ह्यांनी चमचाभर पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाले, "हे औषध झालं. आक्काची चटणी जेवान हाय." पाकीट आठ महिने पडून राहिलं आणि मग मी ते कुंड्यांमध्ये टाकलं.

एवढं सगळं सांगितलं ते यंदाच्या पाडव्याचं समजावं म्हणून. माफी व्हावी म्हणून नाही, वन्सं. माफ करण्यासारखं ते नाहीच.

पाडव्याला मी पुरण घातलं. गुडघे दुखत होते, तरी पाट्यावर नाही तरी पुरणयंत्रातून मऊ काढलं, पोळ्या लाटल्या, एकही फुटली नाही. वाढून समोर बसले. तोंडात माझ्या पोळीचा घास, बोटावर तूप, आणि तुमचा भाऊ म्हणतो कसा, "आक्काचा डबा आजून आला न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी तुमच्या सुनेचा, सुनीताचा फोन आला. "मामी, आत्यांनी डबा दिलाय बगा जतच्या गाडीत, चारला पोचंल." हे झोपले होते. मी स्टँडवर गेले, डबा घेतला, रिक्षात मांडीवर धरून आणला. डबा मांडीला जड लागत होता, नेहमीपेक्षा जास्त भरला होता तुम्ही. मी तो उघडलाही नाही. स्टूल घेतलं आणि गॅसच्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यांच्या मागं सरकवून दिला. अख्ख्या जवसाची पिशवी मात्र धान्याच्या कपाटात टाकली, तिकडं ते कधी बघत नाहीत. संध्याकाळी ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही आला. यंदा पाठवला नसेल."

मला काय हवं होतं, तेही सांगते. मला हवं होतं, की ते म्हणतील, "बरं, मग तूच कर." एवढंच. दोन दिवस वाट बघायची, मी करायची, त्यांनी माझी खायची, आणि मग तुमचा डबा उशिरा आला म्हणून काढून द्यायचा. दोन दिवसांचा खेळ होता माझा.

ते तसं म्हणालेच नाहीत.  भाऊ झाला तरी बहिणीला 'पाठव' म्हणून सांगत नाहीत, हे तुमच्या घराण्यातलं. मी चटणी केली, ती ताटात तशीच राहिली. आठवड्यानं मला वाटलं, आता काढून द्यावा. पण काय सांगून? पंधरा दिवसांनी तर अजूनच अवघड झालं. फळीकडं बघायचं मी टाळायला लागले. तुमच्या गावची यात्रा आली. ह्यांनी चाळीस वर्षांत एकही चुकवली नव्हती. सकाळी अंघोळ करून बसले आणि म्हणाले, "न्हाई जात. आक्काला आता सून हाय, नातवंडं हायती. म्या काय करायचं तितं जाऊन." मी आमटीला फोडणी देत होते. माझ्या डोक्यावर दीड हातावर तो डबा होता. मी नुसतं "बरं" म्हणाले.

त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्हाला ऐकू कमी यायचं म्हणून तुम्ही माझ्याशीच बोलायच्या, ह्यांचा आवाज खाली. "दत्तू का आला न्हाई गं?" मी फोन घेऊन परसात गेले आणि ओरडून सांगितलं, गुडघे दुखतात. माझे दुखणारे गुडघे मी त्यांना देऊन टाकले. मग तुम्ही विचारलंत, "चटणी खाल्ली का त्येनं?"

"खाल्ली की."

"काय म्हनला?"

"छान झालीय म्हणाले."

 "यंदा हात लय थरथरतुया बग. मीठ टाकताना मुठीतनं जास्तीच पडलं का काय, आसं वाटत हुतं. चाखाया जिभंला बी कळंना. मीठ बराबर हाय का, इचार त्येला. आन् सांग मला."

मी म्हणाले, विचारते. ते घरातच बसले होते, वन्सं. पुढच्या खोलीत, पेपर धरून. मी विचारलं नाही. कसं विचारणार होते? पुढं आषाढात एकदा तुम्ही पुन्हा म्हणालात, "मिटाचं इचारलंस का गं?" आणि मी म्हणाले, रेंज जातेय, ऐकू येत नाही. ऐकू कमी तुम्हाला यायचं, आणि बहाणा मी केला.

नागपंचमीनंतर चौथ्या दिवशी सुनीताचा फोन आला, तो तुमच्याबद्दलचा होता.

तुमच्या अंगणात बारा-तेरा दिवस मी भाकरी थापत होते, आल्यागेल्याला चहा देत होते. सगळे म्हणत होते, भावजयीनं लय केलं. सुनीतानं सांगितलं, डॉक्टर नको म्हणत असताना तुम्ही पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास धरलात, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. हे ओट्यावर बसून ऐकत होते. आणि मग तेराव्या दिवशी, आम्ही निघताना, ती बिचारी सहज बोलून गेली. मी तिला दोष देत नाही.

"मामी, तेवढा आत्यांचा डबा द्या की पाठवून. घाई न्हाई. मामांचं नाव हाय त्येच्यावर, म्हनून म्हनती. यंदा तर मला हातच लावू दिला न्हाई उखळाला. हात थरथरायचा, निम्मं जवस भायेर उडायचं, ते येचत बसायच्या दिसभर. म्हनल्या, दत्तूला दुसऱ्याच्या हातचं कळतं."

ह्यांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एखादी भाकर उलटायला लागतो तेवढा वेळ. मग सुनीताला म्हणाले, "देतो पाठवून."

जतपासून साताऱ्यापर्यंत गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. रागावले असते, ताट भिरकावलं असतं, तर मी सोसलं असतं, उलट दोन शब्द बोलले असते. पाच दिवस त्यांनी मी वाढलं ते खाल्लं, मी दिल्या त्या गोळ्या घेतल्या, आणि डब्याचं नाव काढलं नाही. ते वाट बघत होते, हे मला कळत होतं. तुम्हीच वाढवलेलं पोर ते. मागायचं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी स्टूल घेतलं. पिठाचे डबे बाजूला केले. तुमचा डबा हाताला कोमट लागला. खाली गॅस पेटवून मी साडेचार महिने स्वयंपाक करत होते, तो कोमट नाही लागणार तर काय? झाकण तेलानं चिकटून बसलं होतं, उलथण्यानं उचकटावं लागलं. आत वर काळपट थर आणि वास जुन्या रंगाच्या डब्याचा. जवसाच्या तेलात रंग कालवतात, हे मी मुलींना शिकवायचे. ऊब लागली की जवस बिघडतं, हे तुम्ही मला शिकवलं होतं. बरणीच्या भांडणाचा निकाल तो असा.

मी डबा तसाच ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता. मी वर ठेवला."

ते झाकणावरच्या अक्षरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, आक्का इसरली."

वन्सं, तुम्ही मला या चाळीस वर्षांत कितीदा कमी लेखलं असेल-नसेल, मी तुम्हाला मनात कितीदा शिव्या घातल्या असतील, ते सगळं एकीकडं. माझ्यामुळं तुमच्या भावानं तुमच्या आयुष्याचे शेवटचे चार महिने असं समजून काढले, की तुम्ही त्याला विसरलात. आणि तुम्ही तिकडं त्याचा उपास धरून, मीठ बरोबर पडलं का याची काळजी करत गेलात. हे मी केलं. चोर-दरोडेखोरांनी नाही, गृहशास्त्राच्या निवृत्त बाईंनी.

त्यांनी चमचाभर चटणी काढून भाकरीवर घातली. मी म्हणाले, "खवट झालीय हो. पोट बिघडेल. अख्खं जवस आहे आत, चांगलं आहे. मी ताजी करून देते. गार करून दळते." चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, गार करून. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे मिटून चावत होते. एक घास, दुसरा, तिसरा. शेजारी माझं पिठलं होतं, गरम, वर कोथिंबीर घातलेलं. त्याला हातही लावला नाही. आणि खरं सांगू, एवढं होऊनही, तिथं उभ्या उभ्या, तुमच्या त्या कडू चटणीकडं बघून माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. तुम्ही गेलात, तुमची चटणी नासली, ती मीच नासवली, तरी पहिला नंबर तुमचाच. जित्याच्या खोडीला मी तरी काय करू.

जेवण झाल्यावर त्यांनी झाकण लावलं आणि डबा आपल्या कपाटात, पेन्शनच्या कागदांशेजारी नेऊन ठेवला. आता रोज दुपारी काढतात, एक चमचा घेतात, पुन्हा नेऊन ठेवतात. निम्मा झालाय. अख्ख्या जवसाची पिशवी मी तांदळाच्या पिंपामागं ठेवली आहे, कडुलिंबाचा पाला घालून. तुम्हाला बघायला मिळालं असतं तर तुम्ही काही बोलला नसता, नुसती मान हलवली असती, आणि मला तेवढ्याचाही राग आला असता. डबा संपला की मी तो घासून, ते जवस भाजून, गार करून, उखळ शोधून कुटणार आहे आणि भरून सुनीताकडं पाठवणार आहे. "पोरांनी खाल्लं" असं तिनंही म्हटलं तरी चालेल.

तुमचं एक काम मात्र राहिलं होतं, ते आज केलं. ते जेवत होते. मी समोर बसले आणि म्हणाले, "मला देता का चिमूटभर?" त्यांनी माझ्याकडं न बघता डबा डाव्या हातानं आपल्याकडं ओढून घेतला. मग मी विचारलं, "मीठ कसं आहे हो?"

त्यांनी घास नीट चावला. गिळला. पाणी प्यायले.

"बराबर हाय."

तेव्हा वन्सं, मीठ बरोबर झालं होतं. ह्यांच्या शब्दावर सांगतेय, मला काही ती चाखायला मिळाली नाही.